आईला शांती नव्हती

दातांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती आणि त्या खोलीत बसून कवळीताईनं निम्म्या गावाला दात बसवले होते. डॉक्टर पुढं बसायचे, दात उपटायचे, हिरड्यांचं माप घ्यायचे. बाकी सगळं मागच्या खोलीत. मापात प्लास्टर ओतायचं, साचा सुकला की त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं, गरम पाण्यात शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. दिवसभर ती त्या गुलाबी धुळीत बसलेली असायची. घरी आली की आधी नाक शिंकरायची, मग बोलायची. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमची ताई भरते," असं डॉक्टर येईल त्याला ऐकवायचे, आणि ती दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी हसायची. बाप्तिस्म्याचं नाव तिला होतंच, पण ते हाक मारायला कुणी वापरत नव्हतं.

कामात ती पक्की होती. नवी कवळी तोंडात गेली की म्हातारी माणसं भिडेखातर म्हणतात, छान बसली हो. ती म्हणायची, "तुम्ही बोलू नका, चावा." दातांत निळा कागद धरायला लावायची. जिथं डाग गडद उमटला तिथं दात टोचतोय, मग माणूस काही का म्हणेना. तेवढंच घासायचं, पुन्हा कागद, पुन्हा चावा. माणसाच्या तोंडच्या शब्दावर तिनं दवाखान्यात कधी भरवसा ठेवला नाही. घरी मात्र आईच्या तोंडून निघालं की ते देवाचं, असं ती मानत राहिली आणि त्यातच तिचं आयुष्य गेलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच आशा धरून बसेल.

त्या घराचा एक नियम होता. तो वडिलांनी घालून दिलेला. कुठलंही मोठं पाऊल उचलायचं तर आधी सगळ्यांनी प्रार्थना करायची, आणि घरातल्या प्रत्येकाला त्या गोष्टीबद्दल शांती मिळाली तरच पाऊल उचलायचं. एकालाही शांती नसली तर देव थांब म्हणतोय असं धरायचं. वडील सरळ माणूस होते. स्वतःच्या मनावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी चारचौघांची मनं तपासून घ्यायची सवय लावली. त्यांच्या हयातीत तो नियम त्यांच्यावरच जास्त चालला. दोनदा बढती आली, दोनदा आईला शांती मिळाली नाही, दोन्ही वेळा ते हसून म्हणाले, "बरं झालं, मोठं ऑफिस मला झेपलं नसतं." मग ते प्रभूकडं गेले आणि नियम घरात राहिला.

दादानं त्यातून पहिल्यापासूनच वाट काढली होती. तो आधी करायचा आणि मग सांगायचा. दुसऱ्या शहरात नोकरी घेऊन आला, म्हणाला, "प्रभूनं दार उघडलं." लग्न ठरवून आला, तेव्हाही प्रभूनंच दार उघडलं होतं. उघड्या दारातून माणूस पलीकडं पोचल्यावर मागं शांती कुणाला विचारणार? आई दोन दिवस रुसायची आणि तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये मुलाचं कौतुक सांगायची. नियम नेहमी पाळणाऱ्यालाच लागू होतात. पाळणारी घरात एकच होती.

ती शाळेतून बाहेर पडली तेव्हा तिला नर्स व्हायचं होतं. ट्रेनिंगला परगावी राहावं लागणार होतं. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि आईला शांती मिळाली नाही. पुढं दवाखान्यातल्या या कामाचं कळलं. दवाखाना घरापासून दोन गल्ल्यांवर, दुपारी जेवायला घरी येता येईल असा. आईला एका रात्रीत शांती मिळाली. सकाळी उठून तिनं स्वतः लेकीचे कपडे इस्त्री करून ठेवले. ह्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. खुद्द तिलाही नाही. देवानं एक दार लावलं आणि दुसरं उघडलं, असं ती पुढं तरुण मुलींना सांगत असे.

मग दातवाला आला. हा कारखान्यातून तयार दातांच्या पेट्या घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत फिरायचा. त्याच्याकडं दातांच्या रंगांचं एक कार्ड असायचं, पिवळसर, राखाडी, दुधी, आणि एकदम शुभ्र. सगळ्या म्हाताऱ्यांना शुभ्रच हवे असतात आणि कवळीताई कुणालाच शुभ्र देत नसे. "सत्तर वर्षांच्या तोंडात सतरा वर्षांचे दात कसे दिसतील?" यावरून दोघांचं पहिलं भांडण झालं, कारण शुभ्र दात जास्त खपले तर त्याला बढती मिळायची होती. भांडण मिटलं ते तिनं मुद्दाम किंचित वाकडा लावलेला एक सुळा पाहून. तो बराच वेळ त्या सुळ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "हा माणूस हसला तर दात खोटे आहेत हे कुणाला कळणार नाही हो." तिला आजवर कुणी एवढं मोठं काही म्हटलं नव्हतं.

तो दुसऱ्या चर्चच्या मंडळीतला, पण उपासनेला न चुकता जाणारा, आणि मुख्य म्हणजे विनोदी. वर्षभर पेट्या पोचवण्याच्या निमित्तानं तो मागच्या खोलीत स्टुलावर बसायचा, चहा गार होईपर्यंत बोलायचा. तिची तिशी उलटून गेली होती. एके दिवशी पेटी उतरवता उतरवता म्हणाला, "एक इच्छा आहे. म्हातारा झालो की तुमच्या हातचे दात घालावेत. पण घरच्या घरी." ती प्लास्टर कालवत होती. ते वाटीतच घट्ट झालं आणि वाटी फेकून द्यावी लागली.

तिनं घरी सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं, माणसाची चौकशी केली, आणि म्हणाली, "आपण प्रार्थना करू." दादाला फोन गेला. दादा हुशार. बहिणीचं लग्न झालं की आई कुणाकडं येणार हा हिशेब त्याला फोन ठेवायच्या आत जमला. तो म्हणाला, "मी प्रार्थनेत आहे." चर्चच्या माणसानं मी प्रार्थनेत आहे म्हटलं की समजावं, इतरांच्या भाषेत तो बघू म्हणतोय.

शुक्रवारचे उपास सुरू झाले. मायलेकी संध्याकाळी समोरासमोर गुडघे टेकायच्या. लेक म्हणायची, "प्रभू, माझी नको, तुझी इच्छा होवो." तिला लहानपणापासून हेच शिकवलेलं होतं की हवं ते मागणं हा स्वार्थ आणि देवाच्या मनात आहे ते मागणं हा विश्वास. म्हणून तो माणूस मला हवा आहे, एवढं साधं वाक्य तिनं देवासमोर एकदाही उच्चारलं नाही. आई मनातल्या मनात प्रार्थना करायची. तिचे ओठ हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. आई आपल्यासाठी किती झटते आहे हे बघून लेकीला भरून यायचं.

त्याच दिवसांत एका सकाळी कामावर निघताना ती पायऱ्या उतरत होती आणि मधल्याच पायरीवर थांबली. काही घडलं नव्हतं. खालच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं. पण आतलं सगळं थांबून स्वच्छ झाल्यासारखं वाटलं, भीती नाही, घाई नाही, आणि तो माणूस आपला आहे हे तिला स्वतःच्या हातासारखं ओळखीचं वाटलं. असं तिला पूर्वी कधी झालं नव्हतं आणि पुढंही कधी झालं नाही. ती तशीच परत वर गेली.

"आई, मला शांती मिळाली."

आई भाजी निवडत होती. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, लेकीला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला.

"मिळाल्यासारखं वाटतं गं. मनाला जे हवं असतं ना, ते कधी कधी शांतीचं सोंग घेऊन येतं. मला अजून नाही मिळाली. आपण थांबू."

आता देवाच्या नावानं बोलणाऱ्या माणसाशी वाद कसा घालायचा? आणि तोही आईशी, आणि तीही रडवेली? लेक पायऱ्या उतरून कामावर गेली.

ती चर्चच्या पाळकांनाही भेटली. तेव्हाचे पाळक म्हातारे आणि भिडस्त होते आणि तिच्या आईच्या घरी महिन्यातून एकदा जेवत. ते म्हणाले, "एकमनाचे होईपर्यंत थांबावं. प्रभू गोंधळाचा देव नाही." दातवाल्याला तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला नाही.

"तुम्हाला शांती आहे ना?"

"आहे."

"मग?"

"एकटीची चालत नाही आमच्यात."

"आणि देवानं एकटीलाच सांगितलं असेल तर?"

 तिला त्याचाच राग आला, आणि तो गर्विष्ठ आहे की काय अशी शंकाही त्या दिवशी येऊन गेली. आईनं अशी शंका बोलून दाखवली होतीच. "माणूस चांगला नाही असं मी म्हणत नाही," असं ती म्हणायची आणि तिथंच थांबायची, म्हणजे बाकीचं ऐकणाऱ्यानं भरावं.

त्यानं वाट पाहिली. दोन वर्षं पेट्या येत राहिल्या, चहा गार होत राहिला. शेवटी कंपनीनं त्याला लांबचा भाग दिला. तो सांगायला आला तेव्हा बसला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही आत्ता हो म्हणालात तर मी जात नाही. आईंना मी नंतर समजावीन, पाया पडेन, काय लागेल ते करीन. पण हो तुम्ही म्हणा."

"आईला शांती मिळू दे," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यापासून दुसराच माणूस पेट्या आणू लागला. त्याला सुळा आणि पटाशी यातला फरक कळत नव्हता. वर्षभरानं डॉक्टरांनी एकदा हात धुता धुता, तिच्याकडं न बघता, सांगितलं की आपल्या जुन्या दातवाल्याचं लग्न झालं म्हणे. त्या दिवशी तिनं एका बाईच्या वरच्या कवळीत डावे दात उजवीकडं आणि उजवे डावीकडं लावले. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मेण वितळवून तिनं सगळे दात पुन्हा लावले. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "बघ. प्रभूच्या मनातला असता तर थांबला असता. राखलं तुला देवानं." लेकीनं ते घट्ट धरून ठेवलं. धरायला दुसरं होतं काय? देवानं राखलं म्हटलं की निदान ते दुःख कुणीतरी विचार करून दिल्यासारखं वाटतं.

मग वर्षं गेली, त्यांना सांगण्यासारखं काही नाही. तिचे केस पिकले, धुळीनं खोकला जडला. डॉक्टर गेले, त्यांचा मुलगा बसू लागला. आईचे दात पडले आणि लेकीनं तिला कवळी करून दिली, आपल्या हातून झालेली सगळ्यांत चांगली. आईचं तोंड मूळचं जसं होतं तसं तिनं जुना फोटो समोर ठेवून उभं केलं. आई चर्चमध्ये बायकांना ती कवळी काढून दाखवायची. "मुलगी असावी तर अशी," बायका म्हणायच्या, आणि परत जाताना आपसात म्हणायच्या, "बिचारीचं लग्न तेवढं राहिलं." लोकांचं काय, दात आहेत तर चणे नाहीत म्हणायला त्यांना कुणीतरी लागतंच.

आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. चर्चमधून खुर्च्या आणल्या. दादा-वहिनी आले, दादानं मोठा केक आणला आणि दोन वेळा सांगितलं की मोठा आणलाय. नवे पाळक तरुण होते. गीतं झाली, शास्त्रवाचन झालं, आणि पाळक म्हणाले, "आजी, आज तुमची साक्ष ऐकायचीय आम्हाला. प्रभूनं तुमच्यासाठी काय केलं?"

आई खुर्चीतून उठली. तिला धरायला दोघं धावले, तिनं दोघांना बसवलं. कवळीताई आतल्या दारात पाण्याचे ग्लास भरलेला ट्रे घेऊन उभी होती.

"माझे यजमान लवकर गेले," आई म्हणाली. आवाज खणखणीत, एक शब्द जिभेखाली अडकला नाही. "मुलगा दूर. ही एक उरली. मग हिला मागणी आली. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू? कमावता होता, देवभीरू होता. हिचं मनही होतं. मला काही सुचेना. मी रोज गुडघे टेकायचे आणि एकच मागायचे. म्हटलं, प्रभू, तू माझं सगळं नेलंस, एवढी एक मला राहू दे. हिला नेऊ नकोस. दोन वर्षं मी हेच मागितलं, दुसरं काही मागितलं नाही. आणि बघा, त्यानं ऐकलं. आज माझ्या तोंडातले दातसुद्धा हिच्या हातचे आहेत. प्रभू विश्वासू आहे."

"आमेन," सगळे म्हणाले. वहिनीनं डोळे पुसले. पाळक म्हणाले की चिकाटीच्या प्रार्थनेचं याहून सुंदर उदाहरण आपण ऐकलं नव्हतं. कवळीताईनं पाणी वाटलं. एकाही ग्लासातून थेंब सांडला नाही, याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

दुपारी सगळे पांगले. दादा-वहिनी गाडी गाठायला गेले. कवळीताईनं खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या, दोन ताटं वाढली आणि आईसमोर बसली. आई दमली होती, पण खुशीत होती.

"आई, तू तेव्हा हे मागत होतीस?"

"कधी?"

"आपण उपास करत होतो तेव्हा. तू हे मागत होतीस?"

"मग? साक्षीत उभी राहून खोटं बोलेन का मी?"

"मला तर सांगत होतीस की शांती नाही."

"नव्हतीच," आई म्हणाली. तिला खरोखरच नवल वाटलं. "तू जाणार म्हटल्यावर मला कुठली शांती मिळणार होती?"

  आई लबाड असती तर बरं झालं असतं, असं कवळीताईला वाटलं. लबाड माणसावर धडपणे रागावता तरी येतं.

"आणि प्रभूची इच्छा काय आहे ते? ते विचारलंस कधी? एकदा तरी?"

आई ताटाकडं बघत राहिली.  मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "नाही."

"का?"

"तो हो म्हणाला असता तर?"

एवढं बोलून आईनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. ती रडत नव्हती. ऐंशी वर्षांच्या बाईनं एकदाचं खरं सांगून टाकलं होतं आणि तिला हलकं वाटत असावं. हलकं तिला वाटत होतं, आणि समोर बसलेली लेक सगळा हिशेब नव्यानं मांडत होती. देवानं आपल्याला राखलं नव्हतं. देवाला कुणी विचारलंच नव्हतं. त्या पायरीवर त्यानं आपणहून सांगितलं होतं, आणि ते सांगणं घेऊन ती परत वर आली होती, आईला दाखवायला, बरोबर आहे का बघायला. हे आईनं केलं नव्हतं, हे तिनं स्वतः केलं होतं. आईनं निदान आपल्याला काय हवं ते देवाला तोंडानं सांगितलं होतं. तिनं दोन वर्षं उपाशी राहून तेवढंही सांगितलं नव्हतं.

"रागावलीस?" आईनं विचारलं.

"हो."

"राग घेऊन जेवू नये गं. प्रार्थना कर. आज तू कर."

आईनं डोळे मिटले, हात जोडले. कवळीताईनंही मिटले, सवयीनं. तोंडात तेच जुनं वाक्य तयार होतं, तुझी इच्छा होवो. ते बाहेर आलं नाही. खाली रस्त्यावरून कुणी हाका मारत गेलं, जेवण निवत चाललं. आई थांबून होती.

"प्रभू," ती शेवटी म्हणाली, "मला तो माणूस हवा होता."

पुढं काही नाही. आईनं वाट पाहिली. पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत, कारण त्या घरात प्रार्थना संपल्याशिवाय डोळे उघडत नसत.

"आमेन म्हण ना," आई हळूच म्हणाली.

"थांब," कवळीताई म्हणाली. "माझं अजून सांगून झालं नाही."